क्रूझवरची बक्षिसी, खर्च आणि राहणं : आपल्या भागातल्या जाणकारांनी अनुभव लिहावेत

कापूस विकला, तूर घरात आली की लग्नसराईच्या आधी चार-पाच घरं मिळून फिरायला निघतात. आता त्यात क्रूझही आली आहे. बुकिंगवाला भाडं सांगतो, जेवण त्यातच आहे म्हणतो. रोज लागणारी बक्षिसी, कार्डावर अडकणारे पैसे, बॅगेतलं काय चालतं आणि काय काढून घेतात, हे मात्र जहाजावर चढल्यावर कळतं. ज्यांना हे नीट ठाऊक आहे त्यांनी इथे लिहावं. प्रवासवर्णन नको, आकडे, पायऱ्या आणि नेहमी होणाऱ्या चुका हव्यात. मुंबईचं जहाज असो की सिंगापूरचं, दोन्ही चालेल.

देवळी (वर्धा)

आधी शब्द. कागदावर 'ग्रॅच्युइटी' छापलेलं असतं. नोकरीतून निवृत्त होताना मिळते ती ही नव्हे. ही जहाजावरच्या कामगारांची ठरलेली बक्षिसी असते आणि ती दर माणशी, दर दिवशी आपोआप खात्यावर चढते. मोठ्या अमेरिकन कंपन्यांत हा आकडा साधारण १६ ते २० डॉलरच्या आसपास असतो. रॉयल कॅरिबियनचा अलीकडचा दर साध्या केबिनला रोज माणशी १८.५० डॉलर आणि स्वीटला, म्हणजे मोठ्या महागड्या खोलीला, २१ डॉलर आहे. दर अधूनमधून वाढतो, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा आकडा लेखी घ्या.

हिशेब घरीच मांडा. चार माणसं, चार रात्री, १८.५० डॉलर म्हणजे २९६ डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर २६,६४० रुपये. भाडं भरून झाल्यावर ही रक्कम अचानक समोर आली की माणूस काउंटरवर वाद घालत बसतो. लेकरांचीही पूर्ण लागते. अगदी तान्ह्यांना काही कंपन्या सोडतात, काही सोडत नाहीत. हे विचारून घ्या. बहुतेक कंपन्यांत बुकिंगच्या वेळीच ती आगाऊ भरता येते. गटाने जात असाल तर आगाऊ भरणंच बरं, म्हणजे शेवटच्या दिवशी कोणाचे किती हा घोळ राहत नाही.

सगळीकडे एकच पद्धत नाही. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसनी २०१९ पासून रोजची बक्षिसी वेगळी घेणं बंद केलं. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांपैकी काहींचा हिशेब सिंगापूर डॉलरमध्ये असतो, काहींचा अमेरिकन डॉलरमध्ये. दोन्हींच्या किमतीत बराच फरक आहे, म्हणून आकड्यापुढे कोणता डॉलर लिहिलाय ते बघा. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप करणाऱ्या जहाजाचं भाडं रुपयांत असतं; तिथे कोटेशनमध्ये बक्षिसी, बंदर शुल्क आणि जीएसटी या तीन ओळी आहेत की नाहीत ते पाहा. नसतील तर बुकिंगवाल्याकडून लिहून घ्या.

वरूड (अमरावती)

ही बक्षिसी काउंटरवर जाऊन कमी करता येते, असं गावात कोणीतरी सांगतं. बऱ्याच कंपन्यांत ते खरंही आहे. माझी हात जोडून विनंती आहे, असं करू नका.

हे पैसे एका माणसाच्या खिशात जात नाहीत. केबिन आवरणारा, त्याचा मदतनीस, वाढपी, त्याचा हाताखालचा, शिवाय कपडे धुणारे, ताटं घासणारे अशा आपल्याला न दिसणाऱ्या हातांतही ते वाटले जातात. त्यांच्या कमाईचा मोठा भाग हाच असतो. कापूस वेचणीचा दर किलोवर ठरतो आणि संध्याकाळी वजन झालं की मजुरी द्यावीच लागते. 'आज मले चहा गोड लागला नाही' म्हणून कोणी वेचणीचे पैसे कापत नाही. तसंच हे. सणाला लुगडं, फराळ देतो ती खुशी वेगळी.

कामगारांचे करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचे असतात आणि त्या काळात आठवड्याची सुट्टी नसते. सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ चा, अमलात आला २०१३ मध्ये. त्यात २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती सांगितली आहे. उरलेल्या तासांत किती काम बसू शकतं, ते तुम्हीच मोजा. सेवा खरंच वाईट असेल तर त्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर सांगा. केबिन बदलून देतात, माणूस बदलतात, दुरुस्ती करतात. शेवटच्या सकाळी पैसे कापले तर तुमची अडचण सुटत नाही आणि ताटं घासणाऱ्याची मजुरी मात्र जाते.

मूल (चंद्रपूर)

दारू, कॉफी, कोल्ड्रिंक, स्पा यांवर १८ ते २० टक्के बक्षिसी आधीच लावलेली असते. १० डॉलरची वस्तू ११.८० ला पडते. पावतीवर सहीच्या वर 'अधिक बक्षिसी' अशी रिकामी ओळ असते. तिथे सवयीने २ लिहिलं की १३.८० होतात. द्यायची नसेल तर त्या ओळीवर आडवी रेघ मारा आणि खाली बेरीज स्वतः लिहा.

दारव्हा (यवतमाळ)

पैशाची व्यवस्था सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या माणसांचं सगळ्यात जास्त इथेच अडतं.

जहाजावर खरेदीला रोख चालत नाही. चढताना एक कार्ड मिळतं. तेच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच खातं. त्यामागे तुमचं बँकेचं कार्ड जोडतात किंवा रोख अनामत ठेवतात. जिल्हा सहकारी बँकेचं किंवा फक्त देशात चालणारं रुपे कार्ड परदेशी जहाजावर चालत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागतं, आणि त्यावर परदेशी व्यवहार चालू केलेला असावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन कार्डावर तो बंदच असतो. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करा आणि मर्यादाही वाढवा. हे निघण्याआधी गावातच करा. ओटीपी येतो त्या सिमला समुद्रात रेंज नसते.

डेबिट कार्ड शक्यतो जोडू नका. जहाजवाले अंदाजे रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ती फक्त मर्यादेतून कमी दिसते. डेबिट कार्डावर तुमच्या खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सुटायला कित्येक दिवस लागतात. क्रेडिट कार्ड नसेल तर रोख अनामत बरी, उरलेली शेवटी परत मिळते.

लेकरांच्या कार्डाचं पहिल्याच दिवशी बघा. व्हिडिओ गेमच्या खोलीत तेच कार्ड घासून खेळता येतं आणि पैसे बापाच्या खात्यावर चढतात. काउंटरवर जाऊन 'या कार्डावर खरेदी बंद' असं करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

खातं रोज टीव्हीवर किंवा ॲपमध्ये दिसतं, ते रोज पाहा. चूक दिसली तर रात्री उशिरा काउंटरवर जा, तेव्हा गर्दी कमी असते. उतरायच्या सकाळी रांग इतकी असते की लोक कंटाळून चुकीचं बिल भरून निघतात.

मोबाईल चढल्याबरोबर फ्लाइट मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइट नेटवर्क फोन आपोआप पकडतो आणि त्याचे दर साध्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाहीत.

मेहकर (बुलढाणा)

बॅगेबद्दल. घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर चढू देत नाहीत. कंपनीचं सीलबंद पाकीट, म्हणजे चिवडा, बिस्किटं, चटणी, चालतं. सिंगापूरहून जाणार असाल तर दोन गोष्टी घरीच ठेवा. एक खर्रा. तिथे तंबाखूचा कोणताही चघळायचा प्रकार नेण्यावर बंदी आहे, मग तो खर्रा असो की गुटखा. च्युइंगमही नको. दुसरी खसखस. तीही तिथे बंदीच्या यादीत आहे. आपली पुडाची वडी, सांबारवडी म्हटली की सारणात खसखस आलीच. कौतुकाने डबा भरून नेऊ नका.

इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, विजेची किटली जप्त होते आणि उतरताना परत मिळते. समुद्रात आगीइतकं भय दुसऱ्या कशाचं नसतं. त्यामुळेच केबिनमध्ये अगरबत्ती, कापूर, निरांजन काहीच लावायचं नाही. छताला धूर ओळखणारं यंत्र असतं, वाजलं की माणसं धावत येतात. पूजा हात जोडून करा.

शाकाहाराचं बुकिंगच्या वेळी लिहून द्या, आणि पहिल्या रात्री जेवणघरातल्या हेड वेटरला पुन्हा सांगा. नुसतं 'व्हेज' म्हटलं तर अंडं निघू शकतं, आशियाई पदार्थांत मासळीचा सॉसही. 'अंडं नाही, मासळी नाही, कांदा-लसूण चालतं किंवा चालत नाही' असं तोडून सांगायचं. ते आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशी भाजी-पोळी वेगळी करून देतात. ज्याने हे चार दिवस निभावलं, त्याला वेगळी रोख टीप द्यायला विसरू नका.

एक प्रश्न, हिंगणा (नागपूर)

वर ठरलेली बक्षिसी आली. मग हातात द्यायची ती किती, कधी, आणि रुपयांत चालते का?

उत्तर, देवळी (वर्धा)

ताई, सक्ती काहीच नाही. तीन-चार रात्रींच्या सफरीत केबिन आवरणाऱ्याला आणि रोजच्या वाढप्याला प्रत्येकी ५ ते १० डॉलर दिले तर चांगलेच दिसतात. पाच जणांचं कुटुंब एकाच केबिनमध्ये राहून साफसफाई वाढली, म्हाताऱ्यांना व्हीलचेअर लागली, लेकरांची ओकारी काढली, तर थोडे जास्त. शेवटच्या रात्री साध्या पाकिटात, नाव लिहून, हातात द्यायचे. टेबलावर ठेवून निघालं तर कोणासाठी ठेवले ते कळत नाही आणि प्रामाणिक माणूस हात लावत नाही. नाणी देऊ नका, चलन बदलून देणारे नाणी घेत नाहीत. फाटकी नोट नको. परदेशी कामगाराला रुपये देऊन उपयोग नाही. मुंबईच्या जहाजावर मात्र रुपयेच द्यायचे. एक-दोन आणि पाच डॉलरच्या नोटा नागपूरहूनच मागून घ्या, जहाजावर सुटे मिळायला रांग असते.

पैशांबरोबर गेस्ट सर्व्हिसच्या कागदावर किंवा ॲपमध्ये त्या माणसाचं नाव घेऊन दोन ओळी लिहा. पुढच्या करारासाठी आणि बढतीसाठी त्यांना ते कामी येतं. इंग्रजीत नीट नाही लिहिता आलं तरी नाव आणि केबिन नंबर पुरतो.

आणि बंदरावर उतरल्यावर जहाजाची सवय लावू नका. सिंगापूरच्या हॉटेलांत बिलावरच सहसा १० टक्के सेवा शुल्क असतं, वर टीप देत नाहीत.

आकोट (अकोला)

म्हातारी माणसं सोबत असतील तर केबिन जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर, लिफ्टजवळ घ्या. झोका मध्ये कमी लागतो आणि चालणंही वाचतं. सिंगापूरचं गेंटिंग ड्रीम जहाज ३३५ मीटर लांब आहे. टोकाची केबिन मिळाली तर दिवसाला चार वेळा जेवायला जाता-येता गुडघे बोलतात.

उलटीची गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा फायदा नाही. हलायला लागायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची. बीपी, शुगरवाल्यांनी आपल्या डॉक्टरला विचारूनच. उपाशी राहू नका, कोरडं थोडं खा, डेकवर येऊन क्षितिजाकडे बघा. मोबाईलकडे पाहत बसलं की वाढतं. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हाची सफर म्हाताऱ्यांसाठी टाळा. इन्सुलिन केबिनच्या छोट्या फ्रिजवर सोडू नका, तो नुसता गार ठेवतो. औषधासाठीचा फ्रिज मागा, देतात. जहाजावरच्या डॉक्टरची फी खात्यावर चढते, म्हणून प्रवास विमा काढाच.

संडासात जेट नसतो, बहुतेक ठिकाणी कागद असतो. प्लॅस्टिकचा छोटा मग बॅगेत टाका. कमोड हवेच्या ओढीने चालतो. कागदाशिवाय त्यात काही टाकलं, ओला रुमाल किंवा पॅड, तर तुमच्यासोबत शेजारच्या केबिनीही बंद पडतात.

तिरोडा (गोंदिया)

मुंबईच्या जहाजासाठी विदर्भ एक्सप्रेसने त्याच सकाळी पोहोचून चढायचा बेत करू नका. बॅलार्ड पियर, म्हणजे जहाजात चढायचा धक्का, सीएसएमटीपासून जवळ आहे, पण गाडी चार तास लेट झाली तर जहाज थांबत नाही आणि भाडंही परत मिळत नाही. एक दिवस आधी पोहोचा.

मोठ्या बॅगा बंदरावर हमालाकडे द्यायच्या, त्या संध्याकाळपर्यंत केबिनबाहेर येतात. केबिनही दुपारी मिळते. तोवर औषधं, पासपोर्ट, लेकरांचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. चढल्या चढल्या सगळे बुफेकडे पळतात. त्या वेळी मोठं जेवणघर उघडं असेल तर तिकडे जा.

सुटण्याआधी मस्टर ड्रिल असतं, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याची तालीम. सात छोटे आणि एक लांब भोंगा ही खूण. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडालं तेव्हा नव्याने चढलेल्या प्रवाशांची ही तालीम झालीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला. आजी-आजोबांनाही सोबत न्या, जागा दाखवा.

बंदरावर फिरायला उतरलात तर घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. परत चढायची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते, त्यातही अर्धा तास हाताशी ठेवा. सिंगापूरला परतणारं जहाज म्हणजे त्या देशात दुसरा प्रवेश. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे का ते पाहा, आणि तिथलं ऑनलाइन आगमन कार्ड परतताना पुन्हा भरावं लागतं, पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत.

शेवटच्या रात्री बॅगा टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात, साधारण १० ते ११ पर्यंत. त्या थेट बंदरावर जातात. सकाळी घालायचे कपडे, चपला, चष्मा आणि बक्षिसीची उरलेली पाकिटं बाहेर काढून ठेवल्याशिवाय चेन लावू नका. ज्याला द्यायचंय तो वाढपी सकाळी दुसऱ्या पाळीत असू शकतो, म्हणून त्याचं पाकीट रात्रीच्या जेवणालाच द्या.