मदत हवी आहे : पुनर्वसनात पोळा सगळ्यांना धरून कसा करायचा?

पांदणवाला : पोळ्याले आठ दिवस राहिले आन आमच्या इथं अजून काहीच ठरलं नाही. पुनर्वसनातले २६ जण हायत, सगळ्या जातीधर्माचे. मागच्या वर्षी मान कोणाचा यावरून दोघं एकमेकाच्या अंगावर गेले आन अर्धे लोक खोलीतून बाहेरच आले नाही. यंदा कोणालेच परकं वाटू नये असं काहीतरी नवीन पाह्यजे, बजेट कमी हाय. नुसतं छान करा म्हणू नका, काय करायचं ते सांगा, लवकर.

वैनगंगाकाठ : भाऊ कोणतं पुनर्वसन? आमचं गाव गोसेखुर्द धरणात गेलं. पहिले प्लॉटचा ताबा लेखी घ्या आन १८ नागरी सुविधांपैकी काय काय झालं त्याची यादी करून ग्रामसभेत ठराव घ्या. आमच्या नव्या गावठाणात पोळा भरवायले मोकळी जागाच ठेवली नव्हती, तीन वर्षं बैल डांबरी रस्त्यावर उभे केले.

पांदणवाला : धरणाचं नाही हो काका. दारू सोडवायचं केंद्र हाय, मी तिथं काम करतो. मले वाटलं समजन.

सिस्टर_यवतमाळ : दादा, हे आधी सांगायचं ना. यातले नवीन किती, शेवटची घेऊन किती दिवस झाले? बैल खरे आणणार की मातीचे? घरचे लोक येणार का?

पांदणवाला : या आठवड्यात चार आले. बैल शेजारच्या कास्तकाराची जोडी आणतो दरवर्षी. घरचे येतात, पुरणपोळी आणतात.

सिस्टर_यवतमाळ : मग त्या चौघांना ढोलताशा, डीजेपासून लांब ठेवा. रोजची दारू एकदम सुटली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, नसलेलं दिसतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी कोणी नवीन आला तर त्याच्याजवळ माणूस बसवून ठेवा, डॉक्टरांचा नंबर हाताशी असू द्या. आणि दारू प्यायली की अंगावर त्रास उठवणारी गोळी (डायसल्फिरम) चालू असलेल्यांना अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधही नको, घरच्यांनी आणलेली पिशवी तपासा, वाईट वाटलं तरी तपासा.

रानमेवा : मोहफुलाचे लाडू करा ना. आमच्या बचत गटात करतो, मोहफूल म्हणजे दारूच असं थोडीच हाय, लोकायले ते समजलं पाह्यजे. गोंड समाजाचे भाऊ असतील त त्यायलेही आपलं वाटन.

चार_वर्षं_कोरडा : ताई, लाडू चांगलेच असतील, पण केंद्रात नको. मी मोहाचीच प्यायचो. अजूनही कोणाच्या अंगणात फुलं वाळताना वास आला की तोंडाले पाणी सुटते.

रानमेवा : मग काय फूलच बंद करायचं? आमच्या घरी त देवाले वाह्यते.

चार_वर्षं_कोरडा : बंद नाही म्हणत. बाहेर गेल्यावर ज्याचं त्यानं पाहावं, आत असेपर्यंत नको एवढंच.

खंजेरीप्रेमी : राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आन खंजेरीवर भजन ठेवा. मोझरीले या, सगळ्या धर्माचे लोक एका रांगेत बसतात. दुसरं काही लागत नाही.

नीळा_झेंडा : भजन ज्याले पाह्यजे त्यानं करावं, कम्पलसरी नको. आमच्या भावाले केंद्रात आरतीले उभं केलं होतं, तो दुसऱ्या दिवशी पळून आला. बैल सजवायले, तोरणाखाली उभं राह्यले आमची ना नाही, शेती आम्हीही करतो. पूजेची सक्ती नको.

खंजेरीप्रेमी : सक्ती म्हटलंच नाही मी.

साधाप्रश्न : खर्रा चालते का तिथं?

सिस्टर_यवतमाळ : नाही चालत. तंबाखूच आहे ती.

वर्धेकर : हे सगळं वरवरचं हाय. वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी हाय, काय थांबलं? चंद्रपूरची २०१५ ले लागली न २०२१ ले उठली.

वैनगंगाकाठ : गडचिरोलीत १९९३ पासून हाय, तिथल्या बायांना विचारा काय फरक पडला ते.

चार_वर्षं_कोरडा : दारूबंदीचा वेगळा धागा काढा राजेहो. पांदणवाले दादा, अर्धे लोक खोलीतून कायले नाही आले ते विचारलं का? मी सांगतो माझं. मी माझी जोडी विकून प्यालो. केंद्रात पोळ्याले दुसऱ्याचे बैल झूल, मठाटी घालून आणले तेव्हा माझ्यानं पाहवलं नाही, पांघरूण घेऊन पडलो. लोक म्हणे याले सणाचा उत्साह नाही. खरे बैल आणू नका. मातीचे करा, ज्याचे त्यानं, आतापासून. नव्या माणसाचे हात थरथरतात, बारीक ब्रशनं शिंगं रंगवता येत नाही, पण माती मळता येते. आन पोळ्यापेक्षा दुसरा दिवस सांभाळा. कर असते, मटण, जुगार, बाटली, सगळं गाव त्याच दिवशी बुडते. त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत माणूस रिकामा नको.

सिस्टर_यवतमाळ : अगदी. रंग गेरू, चुना, हळदीचे घ्या, थिनर आणू नका, त्याचीही नशा होते.

पांदणवाला : दोन दिवस लिहिलं नाही, माफ करा. एकेकाले बाजूले घेऊन विचारलं. नऊ जणांनी बैल विकले हायत. मी तीन वर्षं इथं हाय आन मले एकही माहीत नव्हता. खरी जोडी रद्द केली, नाल्याची माती आणली. मानाचा बैल कोणाचाच नाही, तोरणाचा दोर सगळे मिळून ओढतील असं त्यायनंच ठरवलं. करीच्या पहाटे दाराच्या पळसाच्या फांद्या घेऊन "इडा-पिडा घेऊन जा गे मारबत" करत शिवेपर्यंत जायचं, मग दिवसभर कुंपण बांधायचं, संध्याकाळी मीटिंग. फक्त झडत्यांवर, म्हणजे पोळ्यात तोरणाखाली म्हणतात त्या गाण्यांवर, अडलं. शेवटी हर हर महादेव म्हणायचं का यावरून पुन्हा वाद.

नीळा_झेंडा : शेवटी ज्यानं त्यानं आपल्या गावाचं नाव घ्यावं.

पांदणवाला : हे विचारतो त्यायले. आमच्यातले एक मुसलमान चाचा हायत, दीड महिन्यात दहा शब्द बोलले नसतील, काल त्यायनं ही सांगितली, लिहून घेतली :

माती आणली नाल्याची, बैल केला हातानं
विकली होती जोडी म्या, दोन घोट नादानं
कोठा माह्या रिकामा, दावं अजून खुट्याले
येईन म्हणा घरी मी, सांगा माह्या पोट्याले

कोणाले आणखी येत असतील त टाका, परवा पोळा हाय.