चौतीस तासांच्या उपवासानंतरही रक्तशर्करा ७४ कशी राहते?

पाटीपेन्सिल: आषाढी एकादशीला मी निर्जळी उपवास केला. दशमीच्या रात्री नऊला जेवण झाले होते आणि द्वादशीला सकाळी सात वाजता, उपवास सोडण्यापूर्वी, वडिलांच्या ग्लुकोमीटरवर सहज तपासले तेव्हा रक्तशर्करा ७४ आली. चौतीस तास पोटात काहीच गेले नसताना ही शर्करा कोठून येते, आणि ती नेमकी एवढीच ठेवण्याचे काम कोणती संप्रेरके करतात?

रानजाई: आधी हिशेब पाहू. प्रौढ माणसाच्या सुमारे पाच लिटर रक्तात या पातळीला जेमतेम चार ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचाभर ग्लुकोज असते, आणि एकटा मेंदूच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो. त्यामुळे रक्तात सतत भर पडली नसती, तर हा साठा तासाभरातच संपला असता. रक्तशर्करा ८०च्या आसपास उतरू लागली की स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन कमी करतात. आणखी उतरली की शेजारच्या अल्फा पेशी ग्लुकॅगॉन हे संप्रेरक वाढवतात आणि यकृत आपल्या ग्लायकोजेनमधून, म्हणजे साठवलेल्या ग्लुकोजमधून, रक्तात ग्लुकोज सोडू लागते. हा साठा सुमारे १०० ग्रॅमचा असून साधारण दिवसभरात बराचसा संपतो. त्यानंतर यकृत लॅक्टेट, ग्लिसरॉल आणि अमिनो आम्ले यांपासून नवे ग्लुकोज तयार करते, ज्यात कॉर्टिसॉल या संप्रेरकाचाही हातभार असतो. तुमची सकाळची ७४ ही बहुतांशी या दुसऱ्या मार्गाची कमाई आहे. स्नायूंमध्ये यकृताहून जास्त ग्लायकोजेन असते, परंतु ते ग्लुकोजच्या रूपात रक्तात सोडण्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) त्यांच्याकडे नसते. मात्र उपवासात स्नायू मेदाम्लांवर भागवतात आणि ग्लुकोज मेंदूसाठी शिल्लक राहते. (साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपवासाला यातले काहीच लागू नाही, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.)

सांजवारा: वरील उत्तर योग्य आहे, पण त्यावरून उपवासात इन्सुलिनचे काम थांबते असा समज होऊ नये. इन्सुलिन कमी होते, शून्य होत नाही, आणि ते थोडेसे उरलेले इन्सुलिनच यकृताला आवर घालत असते. ज्या मधुमेहात बीटा पेशीच नष्ट होतात, त्यात रक्तात शर्करा भरपूर असूनही यकृत आणखी ओततच राहते आणि चरबीचे विघटन बेसुमार होऊन रक्त आम्लधर्मी होते. दुसरे असे की येथे मोजणारा आणि हुकूम देणारा वेगळा नाही. गच्चीवरील टाकीत पाण्याची पातळीच बॉलकॉक हलवते, तसे बीटा पेशीत शिरलेले ग्लुकोजच तिच्यातील ऊर्जा वाढवते, त्यामुळे तिच्या आवरणातील पोटॅशियमच्या वाहिन्या बंद होतात, कॅल्शियम आत येते आणि इन्सुलिन बाहेर पडते. मेंदूची आज्ञा त्यात भर घालू शकते, पण मूळ यंत्रणा तिच्यावाचूनही चालते.

पाटीपेन्सिल: दोघांचेही आभार. मग वडिलांचे कोडे वाटते. त्यांना मधुमेहासाठी गोळी चालू आहे. रात्री झोपताना ११५ असते, रात्रभर काही खात नाहीत, तरी सकाळी १४५ कशी होते? तेही पुढील एकादशीला उपवास करायचा म्हणत आहेत.

रानजाई: पहाटे कॉर्टिसॉल वाढू लागते, रात्रीच्या झोपेत वृद्धिसंप्रेरक स्रवलेले असते, आणि दोन्ही इन्सुलिनचा प्रभाव कमी करून यकृताला ग्लुकोज सोडायला लावतात. निरोगी माणसाच्या बीटा पेशी त्या वेळी थोडे जास्त इन्सुलिन देऊन ही वाढ जिरवतात, तुमच्या वडिलांच्या पेशींना ते पुरेसे जमत नसावे. सकाळचा वाढलेला आकडा हा रात्री लपून खाल्ल्याचा पुरावा नव्हे, हे घरातल्यांनाही सांगावे.

सांजवारा: उपवासाबाबत मात्र सावधगिरी हवी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटॅशियमच्या त्याच वाहिन्या थेट बंद करते, म्हणजे पातळी कितीही खाली असली तरी बॉलकॉक हाताने दाबून धरल्यासारखे होते आणि इन्सुलिन स्रवत राहते. अशा वेळी निर्जळी उपवासात शर्करा धोकादायक खाली जाऊ शकते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यास हा धोका बराच कमी असतो. गोळीचे नाव पाहून, एकादशीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारावे. गोळी स्वतःहून बंद करू नये.