प्रतिसाद: चित्रांपलीकडचं ‘एस्क्वायर’

वर एकांनी लिहिलंय की पुरुषांची मासिकं फक्त बायकांच्या चित्रांवर खपली. हे मला पटत नाही. ‘एस्क्वायर’चंच बघा. १९३३ साली, ऐन मंदीत, ५० सेंट किमतीला ते अमेरिकेत निघालं. मुळात ते पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानांतून विकायचं ठरलं होतं. म्हणजे सूट, टाय आणि बूट हाच पाया, पण पहिल्याच अंकात कादंबरीकार हेमिंग्वे यांचं लेखन! संपादक आर्नल्ड गिंगरिच यांची ही दृष्टी मला फार मोठी वाटते.

चित्रं होतीच, नाकारायचं कारण नाही. १९४३ मध्ये अमेरिकेच्या टपालखात्याच्या प्रमुखाने, पोस्टमास्तर जनरलने, ‘एस्क्वायर’चा सवलतीचा टपालदर काढून घेतला. कारण अश्लीलता नव्हे, तर मजकूर ‘लोकहिताचा’ नाही, असं! १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘एस्क्वायर’च्या बाजूने निकाल दिला. कुणी काय वाचावं हे टपालखात्याने ठरवायचं नाही, हे त्यातून पक्कं झालं.

साठच्या दशकातले अंक मिळाले तर जरूर वाचा. गायक फ्रँक सिनात्राने मुलाखत नाकारली, तर पत्रकार गे टलीझ यांनी त्याच्या अवतीभवतीच्या माणसांशी बोलून १९६६ मध्ये त्याच्यावर असा लेख लिहिला, की पत्रकारितेचे विद्यार्थी तो आजही अभ्यासतात.

‘प्लेबॉय’ काढणारे ह्यू हेफ्नरही आधी ‘एस्क्वायर’मध्येच नोकरीला होते. आणि आपल्या मुंबईच्या ‘डेबोनेर’ या पुरुषांच्या मासिकाचे सत्तरच्या दशकातले संपादक कोण? विनोद मेहता. त्यांनीही नग्न चित्रांच्या शेजारी गंभीर मजकूर छापला.