मदत हवी आहे: लुगड्याची छोटी गोधडी मध्येच फुगते, किल्लीचा गंज उतरतो

घडीमोड:
भिंतीवर लावायची गोधडी आहे, १४ × १८ इंच. वर आजीच्या इरकली लुगड्याचे जोडलेले तुकडे, मध्ये जुन्या सुती चादरीचा एक थर, खाली मांजरपाट. अर्ध्या-अर्ध्या इंचावर धावदोरा. वाफेची इस्त्री फिरवली आणि मधला भाग फुगला, कडा आत ओढल्या गेल्या. काठाचा तुकडा टाक्याच्या रेषेतच चिरतोय. त्यावर कुलपाची जुनी लोखंडी किल्ली आणि एसटीचं तिकीट बसवायचंय, पण किल्ली नुसती ठेवली तरी खाली तांबूस डाग पडला. सगळं उसवू का?

टाचणी:
उसवा. मांजरपाट कोरंच वापरलेलं दिसतंय. त्यात खळ असते, वाफ लागली की ते आटतं. लुगडं इतक्या वर्षांच्या धुण्यात आटून बसलेलं, म्हणून वरचा थर फुगतो. मांजरपाट गरम पाण्यात तासभर भिजवा, पिळून वाळवा, इस्त्री करा.

तिन्ही थर चहूबाजूंनी इंचभर मोठे घ्या, म्हणजे १६ × २०. टाके कापड आत खेचतातच, काटकोनात कापायचं काम शेवटी. मांजरपाट फरशीवर चिकटपट्टीने सपाट बसवा (ताणू नका, सोडल्यावर आखडतं), वर बाकीचे थर, मग मध्यापासून कडांकडे चार-चार बोटांवर कच्चा दोरा (लांब टाके, नंतर काढून टाकायचे). नुसत्या टाचण्यांवर भागत नाही, उचललं की थर सरकतात. धावदोरा घालताना चार-पाच टाके सुईवर घेऊन दोरा ओढला की लगेच ओळीवरून अंगठा फिरवून कापड मोकळं करा. ही एक सवय नसली तर बाकी सगळं करूनही चुण्या राहतात.

घडीमोड:
पण वाकळ तर कडेकडून आत शिवत नेतात ना?

टाचणी:
हो, पण तिथे तुकडे आधी जोडलेले नसतात. ठेवत-ठेवत शिवतात, फुगा आला तर पुढच्या तुकड्याच्या दुमडीत जिरतो. तुमचा वरचा थर आधीच जोडलाय, फुग्याला जिरायला जागा नाही. मध्यापासूनच चला.

काजटाका:
काठाचं दुखणं वेगळं. इरकलीचं अंग सुती असलं तरी काठ बहुधा रेशमी, आणि जुनं रेशीम घडीवर आणि सुईच्या भोकांवर चिरतं. शिंप्याकडचं सगळ्यांत पातळ पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) मागून लावा. मध्ये सुती फडकं, बेताची इस्त्री, दाबायची आणि उचलायची, घासायची नाही. धावदोरा काठाच्या दोन्ही अंगांनी न्या, काठावरून नको. बारीक सुई, भरतकामाच्या लडीचे दोनच पदर.

किल्ली: पॉलिश पेपरने सुटा गंज काढा, कोरड्या फडक्याने पुसा, मग पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. दातांच्या खाचा विसरू नका, डाग तिथूनच येतो. मांजरपाटाच्या आतून बक्रमचा (कॉलरमधल्या कडक कापडाचा) तुकडा घाला, किल्लीपेक्षा सगळीकडून इंचभर मोठा, नाहीतर वजनाने कापड लोंबतं. कडी, दांडा, दात अशा तीन जागी पक्क्या दोऱ्याचे चार-पाच वेढे. किल्ली सर्वांत शेवटी, कारण एकदा बसली की इस्त्री बंद.

तिकीट छापील आहे की मशीनमधलं?

घडीमोड:
मशीनमधलं.

काजटाका:
मग इस्त्री जवळही नेऊ नका, तो कागद उष्णतेने काळा पडतो. तसंही त्यावरची अक्षरं उडतातच, आजच झेरॉक्स काढा आणि गोधडीवर तीच लावा. कागदातून सुई घालायची नाही, भोकांच्या रेषेत फाटतो. वर बारीक नेटचा तुकडा, कागदापेक्षा अर्धा इंच मोठा, आणि टाके फक्त नेटच्या कडेला.

टाचणी:
टांगायला कोपऱ्यात कड्या लावू नका, मध्ये झोळ येतो. मागे वरच्या कडेला अडीच इंची नेफा, दोन्ही टोकांना इंच-इंच आखूड, आत लाकडी पट्टी. नेफ्याचा टाका फक्त मांजरपाटात आणि चादरीत, पुढे दिसता कामा नये. आणि उन्हाच्या भिंतीवर नको, लुगड्याचा रंग विटेल.