रॉन पॉल यांचा युद्धविरोध डावा नव्हे
कुणीतरी म्हटलंय की अमेरिकी काँग्रेसचे (तिथल्या संसदेचे) माजी सदस्य रॉन पॉल उजव्या रिपब्लिकन पक्षाचे असले तरी परराष्ट्र धोरणात डाव्यांच्याच पंगतीत बसतात. निष्कर्ष सारखा म्हणून कारणही सारखं, असं कसं? ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवर लष्करी कारवाईची मुभा अध्यक्षांना देणाऱ्या ठरावाला विरोध करणाऱ्या प्रतिनिधीगृहातल्या सहा रिपब्लिकनांत ते होते हे खरं. पण युद्ध पुकारायचा अधिकार राज्यघटनेनं काँग्रेसला दिलाय, तो अध्यक्षांच्या हाती सोपवू नये, हा त्यांचा मुद्दा होता. सरसकट शांततावादी तर ते नव्हतेच. २००१ मध्ये ११ सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यांनंतरच्या लष्करी कारवाईला त्यांनी मत दिलं होतं.

राज्यघटनेबाबतचा हाच काटेकोरपणा देशांतर्गत प्रश्नांतही, आणि तिथे तो डाव्यांना मुळीच रुचणार नाही. वांशिक भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला ४० वर्षं झाली तेव्हाच्या गौरव ठरावावर ४१४ विरुद्ध १ असं मतदान झालं. तो १ म्हणजे हेच! मदर तेरेसांना काँग्रेसतर्फे द्यायच्या सुवर्णपदकालाही त्यांनी विरोध केला: करदात्यांचा पैसा नको, खासदारांनी खिशातून प्रत्येकी १०० डॉलर काढावेत, मीही देतो. सूचना अर्थातच बारगळली.

मात्र त्यांना अगदी सोवळं समजू नका. टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या आपल्या मतदारसंघातल्या कोळंबी धंद्यासाठी ते खर्चाच्या विधेयकात निधी घालून घ्यायचे आणि मग त्याच विधेयकाविरुद्ध मत द्यायचे. विधेयक तर मंजूर होणारच असायचं.