कुटुंबाची गाडी: आदळल्यावर वाचवणारी की आदळूच न देणारी?

चक्रधर:
गाडी घेताना सगळे विचारतात, 'एअरबॅग किती? क्रॅश टेस्टमध्ये स्टार किती?' वळणावर ती कशी बसते, हे कोणी विचारत नाही. एअरबॅगचं काम शेवटी येतं. त्याआधीचे दोन सेकंद टायर, ब्रेक, सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे असतात. १९९७ मध्ये मर्सिडीजची ए-क्लास एका स्वीडिश मासिकाच्या चाचणीत उलटली. टक्कर झालीच नव्हती, अडथळा चुकवायला स्टिअरिंग झटकन फिरवलं होतं, एवढंच. कंपनीला विक्री थांबवून सस्पेन्शन बदलावं लागलं. माझ्या मते इंजिनिअरांनी आधी गुरुत्वमध्य खाली आणावा, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढवावं. स्टार नंतर बघू.

मधुरा_क:
साफ असहमत. चुकवायला जागाच नसेल तर? ६० चा वेग ८० केला की गाडीतली ऊर्जा पावणेदोन पटीहून जास्त होते आणि ती कुठेतरी जिरवावीच लागते. साधं गणित करा: ताशी ५० किमी वेगाने भिंतीवर गेलेली गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या माणसाला सरासरी २० जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वीसपटीच्या, आसपास झटका बसतो. १० सेंटिमीटरमध्ये थांबली तर १०० जीच्या जवळ! म्हणून पुढचा भाग चुरगळू द्यायचा आणि माणसं बसतात तो पिंजरा ताठ ठेवायचा. इंजिनिअर बेला बरेनी यांची ही कल्पना १९५९ च्या मर्सिडीजमध्ये आली. त्याच वर्षी व्होल्वोने निल्स बोलिन यांचा तीन बिंदूंचा सीटबेल्ट गाडीत बसवला. माणसं वाचली ती यामुळे.

गिअर_पाचवा:
चक्रधर, ए-क्लासची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. सस्पेन्शनबरोबर प्रत्येक गाडीत ईएससीही आलं, म्हणजे गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. स्टिअरिंग किती वळलंय आणि गाडी खरोखर किती फिरतेय, हे ते सतत ताडून बघतं. तफावत दिसली की एकाच चाकाला ब्रेक लावतं. आपल्या पायाखाली चार चाकांना मिळून एकच पेडल असतं, आपल्याला हे जमणारच नाही.

आणि मधुरा, हँडलिंग (वळणात गाडी किती ताब्यात राहते ते) म्हणजे नुसती मजा नव्हे. कुटुंबाच्या गाडीत पुढची चाकं आधी घसरतील, अशी रचना मुद्दाम केलेली असते. घाबरलेला माणूस अॅक्सिलरेटरवरून पाय काढतो, वजन पुढे येतं, पुढच्या टायरांची पकड वाढते आणि गाडी वळणात परत येते. मागची चाकं आधी सुटली तर गाडी गरकन फिरते आणि दाराकडून आदळते. दाराशी चुरगळायला जागा असते किती? जेमतेम वीतभर.

चक्रधर:
दाराचा मुद्दा पटला, पण तो माझ्याच बाजूचा आहे. ईएससी आहे तेवढीच पकड वाटून देतं, नवी आणत नाही. टायर गुळगुळीत असतील आणि टपावर सामान लादलं असेल, तर ते तरी काय करणार?

मधुरा_क:
टायरबद्दल शंभर टक्के मान्य. बाकी मी आहे तिथेच आहे. आमची गाडी चौकात उभी असताना दुसरी गाडी बाजूने येऊन आदळली. भाऊ चालवत होता. गाडीला वेगच नव्हता, मग वळवणार काय? त्याच्यात आणि त्या बंपरमध्ये फक्त दारातली आडवी सळई, मधला खांब आणि पडद्यासारखी उलगडलेली एअरबॅग होती. दार आत आलं. तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला.