सोमवारी सकाळी सगळे पीसी अडकतात, मॅनेजमेंट एजंट काढून टाकू का?

काटापावती_धरणगाव
नमस्कार मंडळी. धरणगाव भागातल्या एका जिनिंगमध्ये हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही माझ्याकडे आहेत. १४ पीसी, बहुतेक ४ जीबी रॅम, जुन्या हार्ड डिस्क, विंडोज १०. हेड ऑफिस पुण्याला. दिवाळीनंतर त्यांनी सगळ्या मशीनवर कॉन्फिगरेशन मॅनेजरचा (सगळे पीसी एका जागेवरून सांभाळायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) क्लायंट, म्हणजे एजंट, टाकला. तेव्हापासून दर सोमवारी ९ ते १० काहीच उघडत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, वर 'सीसीएमएक्झेक' (हाच एजंट) आणि 'डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट' (मशीनची माहिती पुरवणारा विंडोजचा भाग). गेटवर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि काट्याचा पीसी पावती काढत नाही. पहाटे घरून निघालेला शेतकरी विचारतो, "भाऊ, पावती कधी भेटंल?" मला फार वाईट वाटतं. एजंट काढून टाकू का?

भुसावळ_यार्ड
सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'एसएमएस एजंट होस्ट' (या एजंटचीच सर्व्हिस) बंद करा. आम्ही तेच केलं.

धुळेकर_सिस्टिम्स
भुसावळवाले दादा, हा सल्ला देऊ नका. क्लायंटची रोज स्वतःची तपासणी होते, बंद केलेली सर्व्हिस ती परत चालू करते. आणि अपडेट त्याच्यावरून येत असतील तर तेही थांबतील.

धरणगाववाले भाऊ, एक सांगा, शनिवारी पीसी बंद करता का?

काटापावती_धरणगाव
हो. कापसाला आगीची भीती, म्हणून शनिवारी संध्याकाळी ऑफिसचा मेन स्विचच पाडतो. सोमवारी ९ ला चालू.

धुळेकर_सिस्टिम्स
मग दुखणं तिथंच आहे. पुण्याने इन्व्हेंटरीची (मशीनमधले भाग, प्रोग्रॅम, फाइली यांची नोंद) वेळ बहुधा रविवार रात्रीची ठेवली असेल. त्यांच्याकडे मशीन रात्रभर चालू असतात, त्यामुळे त्यांना कळतही नाही. तुमच्याकडे ती वेळ चुकते, आणि चुकलेलं काम क्लायंट मशीन चालू झाल्या झाल्या उरकायला घेतो. चौदाही मशीन एकदम.

त्यात हार्डवेअर इन्व्हेंटरी तशी हलकी. पहिल्यांदा पूर्ण माहिती जाते, नंतर फक्त बदल. खरा भार सॉफ्टवेअर इन्व्हेंटरीचा. ती फाइली शोधत डिस्कवरचे फोल्डर एकेक करून धुंडाळते. जुन्या डिस्कचं हेड इकडून तिकडे पळत राहतं आणि तुमच्या पावतीचा नंबर मागे पडतो. त्याच वेळी अपडेटची तपासणी आणि अँटीव्हायरस, सगळे एकाच डिस्कवर.

आधी पुरावा काढा. सी ड्राइव्ह, विंडोज, सीसीएम, लॉग्ज या फोल्डरात 'इन्व्हेंटरीएजंट' नावाची लॉग फाइल आहे. ती नोटपॅडमध्ये उघडा, सोमवारची सुरू आणि संपल्याची वेळ लिहून घ्या. नुसतं 'स्लो आहे' म्हणून मेल केला तर कोणी बघत नाही, वेळा दिल्या की बघतात.

मागणी अशी करा: ठरावीक वार-वेळेऐवजी साधं ७ दिवसांचं शेड्यूल द्या, म्हणजे प्रत्येक मशीन क्लायंट बसल्याच्या वेळेप्रमाणे वेगवेगळ्या वेळी चालेल. सॉफ्टवेअर इन्व्हेंटरी मोजक्या फोल्डरांपुरती ठेवा, किंवा बंदच करा. इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमची यादी हार्डवेअर इन्व्हेंटरीतून मिळतेच. आणि काट्याच्या पीसीला वेगळ्या कलेक्शनमध्ये (मशीनच्या गटात) टाकून दुपारची वेळ द्या.

सातपुडा_नंदुरबार
धुळेकर बरोबर सांगतात. माझ्याकडून दोन गोष्टी. अपडेट उतरताना लाइन जाम होत असेल तर कामाच्या वेळेत बिट्सचा (मागच्या मागे फाइली उतरवणारी विंडोजची सर्व्हिस) स्पीड बांधून घ्या, आणि पीअर कॅश सुरू करायला सांगा, म्हणजे शेजारच्या मशीनने उतरवलेलं बाकीच्यांना ऑफिसातच मिळतं. दुसरं, काट्याच्या पीसीला आधी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्याचंही हेड ऑफिसला विचारून ठेवा.

काटापावती_धरणगाव
लॉग पाहिला. काट्याच्या पीसीवर ९:०४ ला सुरू, ९:५१ ला संपलं. वेळा लिहून मेल केला, तर दुसऱ्याच दिवशी फोन आला. शेड्यूल खरंच रविवारी रात्री ११ चं होतं! त्यांनी साधं शेड्यूल लावलं, सॉफ्टवेअर इन्व्हेंटरी बंद केली, काटा वेगळा काढला. काल सोमवार होता, पहिली पावती ९:०७ ला निघाली. धुळेकर भाऊ, मनापासून आभार.

अकाउंटचे दोन पीसी अजून जडच आहेत. त्यांना एसएसडी आधी घ्यावी की रॅम ८ करावी?

धुळेकर_सिस्टिम्स
एसएसडी आधी.